हंगामी स्की पासचा परतावा, वेव्हरची सही आणि रिसॉर्ट कंपनीशी वाद: कोलोरॅडोमध्ये ग्राहकाला नेमके कोणते हक्क आहेत?

बर्फवाट (प्रश्न)

नमस्कार. आम्ही कोलोरॅडोतील ऑरोरा येथे सहा वर्षांपासून राहतो. मुले शाळासोबत्यांमुळे स्कीइंगकडे वळली आणि त्यांच्या मागोमाग आम्ही दोघेही चाळिशीत घसरायला शिकलो. मागील सप्टेंबरात, भाव वाढण्याच्या आदल्या रात्री, आम्ही चौघांचे हंगामी पास एकदमच घेतले. सगळे मिळून २,९०० डॉलरच्या आसपास खर्च झाला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा रोख एका कंपनीवर नसून या व्यवहारातील आपली कायदेशीर बाजू समजून घेण्यावर आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी पत्नी एका साध्या उतारावर पडली, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तोपर्यंत तिने पास फक्त पाच दिवस वापरला होता. ग्राहक सेवेकडून "पास परत घेतला जात नाही व दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही" असे एका ओळीचे उत्तर आले. दुसरी अडचण अशी की आम्ही ज्या डोंगरासाठी पास घेतला, त्याचा वरचा भाग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडलाच नाही. त्यातील काही दिवस बर्फ कमी होता हे मान्य आहे, पण तिथे जाणारी मुख्य लिफ्ट यांत्रिक बिघाडामुळे बंद असल्याची पाटी बर्फ पडल्यानंतरही तीन आठवडे तशीच होती. तिसरी गोष्ट ही अडचण नसून धास्ती आहे. पास घेताना मी चौघांच्या वतीने एक लांबलचक वेव्हर, म्हणजे दावा करण्याचा हक्क सोडून देणारा कागद, न वाचताच मान्य केले. त्यात कंपनीच्या निष्काळजीपणाबद्दलही दावा करणार नाही, वाद झाल्यास लवादाकडेच जाऊ आणि इतरांबरोबर मिळून सामूहिक दावा करणार नाही, असे लिहिलेले आता दिसते आहे. मुले १४ आणि १० वर्षांची आहेत. त्यांचे हक्क मी एका टिचकीने सोडून दिले आहेत काय?

सासऱ्यांचे मत "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" असे आहे. पायरी चढायची की नाही हे नंतर ठरवता येईल, पण ती पायरी आहे कुठे हे तरी जाणकारांकडून समजावे, एवढीच अपेक्षा आहे.

कलमदान

मी डेन्व्हरमध्ये एका विधी कार्यालयात पॅरालीगल (वकिलांची साहाय्यक) म्हणून काम करते. वकील नाही, त्यामुळे पुढील मजकूर सल्ला न मानता माहिती म्हणून वाचावा.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यायला हवे की आपण मांडलेल्या तीन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या घरांत राहतात. पत्नीच्या न वापरलेल्या पासचे पैसे हा मुख्यतः पासच्या विम्याचा प्रश्न आहे, बंद लिफ्ट हा कराराचा आणि ग्राहक संरक्षण कायद्याचा आहे, तर वेव्हर हा अपघातातील दायित्वाचा आहे. कंपनीला पत्र लिहिताना लोक तिन्ही गोष्टी एकत्र कालवतात आणि मग कंपनीलाही सर्वांत सोप्या प्रश्नाचे उत्तर देऊन बाकीच्यांकडे काणाडोळा करता येतो.

बंद लिफ्टविषयी बोलण्याआधी हा पास विकला का जातो ते पाहणे भाग आहे. अनेक स्की रिसॉर्ट्स चालवणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००८ साली एपिक पास हा हंगामी पास ५७९ डॉलरला बाजारात आणला, तेव्हा त्यामागील हिशेब सरळ होता: स्कीअरने बर्फ पडण्याआधीच पैसे भरायचे आणि त्या बदल्यात त्याला दिवसाच्या तिकिटापेक्षा खूप स्वस्तात हंगामभर प्रवेश मिळायचा. आल्टेरा या दुसऱ्या रिसॉर्ट कंपनीने २०१८ पासून विकायला घेतलेला आयकॉन पासही याच तत्त्वावर चालतो. थोडक्यात, कमी बर्फाचा धोका कंपनीने सवलत देऊन आपल्या खांद्यावर टाकलेला असतो आणि आपण तो जाणूनबुजून घेतलेला असतो. त्यामुळे "बर्फ कमी होता म्हणून पैसे परत द्या" हा दावा जवळपास कुठेच टिकत नाही, आणि खरे सांगायचे तर टिकूही नये.

मात्र निसर्गाने डोंगर बंद ठेवणे आणि कंपनीने तो बंद ठेवणे यांत फरक आहे. मार्च २०२० च्या मध्यावर करोनामुळे व्हेलने उत्तर अमेरिकेतील आपली सर्व रिसॉर्ट्स बंद केली आणि हंगाम तिथेच संपवला. पासधारकांना रोख परतावा दिला नाही. पुढील वर्षीच्या पासवर सूट देऊ केली, ती हंगामी पासधारकांसाठी किमान २० टक्के होती आणि ज्यांनी पाच दिवसांपेक्षा कमी स्कीइंग केले होते त्यांच्यासाठी कमाल ८० टक्क्यांपर्यंत. ज्यांना पुढच्या वर्षी डोंगरावर जायचेच नव्हते त्यांच्या दृष्टीने ही दुधाची तहान ताकावर भागवण्याची सोय होती. सामूहिक दावे दाखल झाले आणि कोलोरॅडोतील संघीय जिल्हा न्यायालयाने ते प्राथमिक टप्प्यावरच फेटाळले. पुढे २०२३ मध्ये दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने (कोलोरॅडोतील संघीय प्रकरणांची अपिले याच न्यायालयात जातात) तो निर्णय मोठ्या अंशी फिरवला. करारात वापरलेल्या "हंगाम" या शब्दाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो, आणि करार असा संदिग्ध असेल तर पुरावा न पाहता दावा फेकून देता येत नाही, असा त्याचा गाभा होता.

आपल्या प्रकरणात याचा उपयोग कसा होतो ते पाहा. हंगाम म्हणजे कंपनी लिफ्ट चालवील तेवढे दिवस, की विक्रीच्या पानावर सांगितलेल्या एका महिन्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंतचे दिवस? आपण पैसे भरले त्या रात्री त्या पानावर काय लिहिले होते, हे आज सर्वांत मोलाचे आहे. त्या पानाचे चित्र जपून ठेवले नसेल, तर खरेदीची ईमेल, त्याआधी आलेल्या जाहिरातींच्या ईमेल आणि इंटरनेटवरील जुन्या पानांचे संग्रह तपासावेत. एवढे मात्र स्पष्ट सांगते की बहुतेक करारांत "कोणतीही लिफ्ट किंवा उतार केव्हाही बंद ठेवण्याचा अधिकार कंपनीला राहील" असे वाक्य असते, आणि एका लिफ्टच्या तीन आठवड्यांसाठी ते ओलांडणे अवघड आहे. कोलोरॅडोच्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जायचे झाल्यास कंपनीने जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने फसवी माहिती दिली हे दाखवावे लागते. लिफ्ट दुरुस्त होणार नाही हे सप्टेंबरातच ठाऊक असूनही तिच्या नावाने पास विकले असे निघाले तर गोष्ट वेगळी. ती डिसेंबरात मोडली असेल, तर हा रस्ता बंद समजावा.

रॉकीजवासी

पत्नीच्या पासबद्दल थोडे व्यवहाराचे. माझ्या खांद्याच्या दुखापतीच्या वेळी मी हे सर्व केलेले आहे.

ग्राहक सेवेने नकार दिला याचा अर्थ विम्याने नकार दिला असा होत नाही, कारण ही दोन वेगळी दारे आहेत. व्हेलने २०२०–२१ च्या हंगामापासून पाससोबत विनामूल्य संरक्षण द्यायला सुरुवात केली, ज्यात दुखापत, आजार, नोकरी जाणे आणि काही प्रकारची बंदी यांचा समावेश होतो. इतर काही पासवर असा विमा वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. आपल्या पासला यांपैकी काय लागू आहे ते खरेदीच्या पावतीवर सापडेल. दावा करताना डॉक्टरांचे पत्र लागते आणि त्यात "हंगामाच्या उर्वरित काळात स्कीइंग करता येणार नाही" हे वाक्य तारखेसह असणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेचे बिल पुरत नाही. माझा पहिला अर्ज याच कारणाने परत आला होता. परतावा वापरलेल्या दिवसांच्या प्रमाणात कापला जातो, त्यामुळे पाच दिवसांचा वापर आपल्याला चांगलाच अनुकूल आहे. दाव्याच्या मुदतीचे कलम मात्र आजच वाचा.

क्रेडिट कार्डाकडे तक्रार करून पैसे थांबवण्याचा मार्ग अनेक जण सुचवतील. १९७४ च्या संघीय कायद्यानुसार ज्या पत्रकात ती रक्कम पहिल्यांदा दिसली, ते पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. सप्टेंबरातील खरेदीवर फेब्रुवारीत हरकत घेणे म्हणजे वरातीमागून घोडे. शिवाय हंगाम चालू असताना अशी हरकत घेतल्यास कंपनी चौघांचेही पास गोठवू शकते, तेव्हा मुलांचे उरलेले दिवस पणाला लावू नयेत.

बर्फवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रॉकीजवासी, पावती पुन्हा पाहिली. पासवर विमा होता आणि तो मीच १९ डॉलरला एकेक करून चौघांसाठी घेतला होता, याचा मला पूर्ण विसर पडला होता. लाज वाटली, पण आनंदही झाला. घटनेपासून ९० दिवसांची मुदत आहे, म्हणजे अजून वेळ आहे.

कलमदान, आता वेव्हरबद्दल. पत्नीची दुखापत ही तिची स्वतःची घसरण होती आणि त्यात कंपनीचा दोष आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. काळजी आहे ती पुढच्या वर्षांची, कारण धाकटा अजूनही लिफ्टच्या खुर्चीत पुढे सरकून बसतो आणि प्रत्येक वेळी माझा जीव वर-खाली होतो.

कलमदान

वेव्हरचा प्रश्न राज्यागणिक बदलतो, आणि यातील तीन महत्त्वाचे निकाल नेमके पासधारकांच्याच प्रकरणांतील असल्यामुळे ते थोडे विस्ताराने सांगते.

व्हरमाँटमधील किलिंग्टन येथे एका स्कीअरने आठवड्यातील कामाच्या दिवसांसाठीचा हंगामी पास घेताना वेव्हरवर सही केली होती. लिफ्टच्या रांगेसाठी उभारलेल्या धातूच्या खांबावर तो आदळला. १९९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वेव्हर सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे सांगून निष्प्रभ ठरवले. कारण असे दिले की रिसॉर्ट हजारो लोकांना आमंत्रण देते, जागेवर ताबा रिसॉर्टचाच असतो, धोका ओळखून दूर करणे आणि त्याचा विमा काढून खर्च सर्वांवर पसरवणे रिसॉर्टलाच शक्य असते. एकटा स्कीअर यांपैकी काहीच करू शकत नाही.

ओरेगॉनमध्ये माउंट बॅचलर येथील प्रकरण याहूनही बोलके आहे. अठरावा वाढदिवस तोंडावर आला असताना एका तरुणाने हंगामी पाससाठी वेव्हर मान्य केले, सज्ञान झाल्यावर २६ दिवसांत किमान ११९ वेळा तो पास वापरला आणि २००६ च्या फेब्रुवारीत रिसॉर्टने बांधलेल्या कृत्रिम उडीवर पडून त्याला कायमचे अपंगत्व आले. रिसॉर्टचे म्हणणे असे की सज्ञान झाल्यावरही पास वापरत राहिल्याने त्याने करार पक्का केला. डिसेंबर २०१४ मध्ये ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने असे वेव्हर लागू करणे अन्याय्य ठरेल असा निकाल दिला. न्यायालयाने पाहिले ते असे की या करारात घासाघीस करण्यास वाव नव्हता, "घ्या नाहीतर जा" एवढाच पर्याय होता, आणि दुसऱ्या रिसॉर्टवर गेले तरी तिथेही हाच कागद समोर येणार होता.

कोलोरॅडो या दोन राज्यांइतके उदार नाही. येथे १९७९ चा स्की सुरक्षा कायदा आहे, आणि स्कीइंगमध्ये अंगभूत असलेल्या धोक्यांबद्दल दावा करता येत नाही असे तो सांगतो. त्या धोक्यांत हिमस्खलनही मोडते, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विंटर पार्कच्या एका मृत्यूप्रकरणी ठरवले. २००३ पासून येथे आई-वडिलांना मुलांच्या वतीने साध्या निष्काळजीपणाचे दावे सोडून देण्याचा अधिकारही कायद्यानेच दिलेला आहे. तेव्हा आपल्या टिचकीला काहीच अर्थ नाही असे मला म्हणता येणार नाही.

पण मे २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या टिचकीची सीमा आखून दिली. मार्च २०२२ मध्ये क्रेस्टेड ब्यूट येथे सोळा वर्षांची एक मुलगी चेअरलिफ्टवर नीट बसू शकली नाही, लिफ्ट थांबवली गेली नाही आणि ती सुमारे ३० फुटांवरून खाली पडली. तिला अर्धांगवायू झाला. तिच्या वडिलांनी एपिक पास घेताना आपल्यासारखेच ऑनलाइन वेव्हर मान्य केले होते. न्यायालय म्हणाले की स्की सुरक्षा कायदा आणि लिफ्टसंबंधीचा कायदा यांनी, तसेच त्यांखालील नियमांनी, रिसॉर्टवर घातलेली कर्तव्ये खाजगी कराराने पुसून टाकता येत नाहीत. लिफ्टवर कोणी अडचणीत दिसला तर कर्मचाऱ्याने काय करावे हे जिथे नियमात लिहिलेले आहे, तिथे वेव्हर आड येत नाही. याच निकालात मुलीचा दुसरा दावा, म्हणजे लिफ्टचालकाने सर्वोच्च दर्जाची काळजी घेतली नाही हा सामान्य कायद्यावर (विधिमंडळाने केलेल्या नव्हे, न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यावर) आधारलेला दावा, वेव्हरमुळे गेला तो गेलाच. वर्तमानपत्रांनी "कोलोरॅडोत वेव्हर रद्द" असे मथळे दिले, ते अर्धेच खरे आहेत. पुढे २०२५ मध्ये ज्यूरीने तिला १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली.

म्हणून धाकट्याविषयी उत्तर असे: तो खुर्चीत नीट बसलेला नसताना चालकाने नियमाप्रमाणे लिफ्ट थांबवली नाही, तर आपली सही त्याच्या आड येऊ नये. तो स्वतः उतारावर झाडावर आदळला, तर सही नसती तरी दावा उभा राहिला नसता. रिसॉर्टविरुद्धच्या इजेच्या दाव्याला येथे साधारणतः दोनच वर्षांची मुदत आहे, हेही लक्षात असू द्यावे. (न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी: तेथे शुल्क घेऊन चालवलेल्या करमणुकीच्या ठिकाणी निष्काळजीपणा माफ करणारी वेव्हर कायद्यानेच निष्प्रभ आहेत. एकाच कंपनीचा एकच पास खिशात असतो, पण राज्याची हद्द ओलांडली की त्यावरील कागदाचे वजन बदलते.)

चेअरलिफ्ट

मी आठवड्याच्या शेवटी एका रिसॉर्टमध्ये मुलांना स्कीइंग शिकवतो, तेव्हा मी पक्षपाती आहे असे समजूनच वाचावे.

पासधारकांच्या तक्रारींपैकी निम्म्या मला न पटणाऱ्या असतात. यांत्रिक बिघाड झालेली लिफ्ट बंद ठेवणे हा ग्राहकावरील अन्याय नसून त्याच्या जिवाची काळजी आहे. वर क्रेस्टेड ब्यूटचे प्रकरण सांगितले आहे, ते वाचूनही कोणाला लिफ्ट लवकर का सुरू केली नाही याचे पैसे हवे असतील तर मला नवल वाटेल. सुट्या भागासाठी तीन आठवडे लागणे ही डोंगरावरील नेहमीची गोष्ट आहे.

तरीही कंपन्यांची बाजू घेताना मी एका ठिकाणी थांबतो. व्हेलच्या युटातील पार्क सिटी रिसॉर्टमध्ये २७ डिसेंबर २०२४ पासून ८ जानेवारी २०२५ पर्यंत स्की गस्ती पथकाचा, म्हणजे उतारांची सुरक्षितता पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, संप झाला. सुमारे २०० गस्तीवाले होते आणि मूळ वेतन ताशी २१ ऐवजी २३ डॉलर व्हावे ही त्यांची मुख्य मागणी होती. नाताळनंतरचा तो आठवडा म्हणजे वर्षातील सर्वांत महागडा आणि गर्दीचा काळ. गस्त नसल्यामुळे डोंगराचा मोठा भाग उघडता आला नाही आणि लोक लिफ्टच्या रांगांत तिष्ठत राहिले. एका पाहुण्याने कोलोरॅडोतील संघीय न्यायालयात सामूहिक दावा केला. त्याचे म्हणणे असे की संप होणार हे ठाऊक असूनही कंपनीने पाहुण्यांना त्याची पुरेशी कल्पना दिली नाही. नंतर कंपनीने त्या दिवसांतील पाहुण्यांना पुढील पासवर अंशतः सूट देऊ केली.

मला यातील फरक असा दिसतो: बर्फ आणि लोखंड यांच्याबद्दल कोणालाच आधी सांगता येत नाही. पण जे कंपनीला ठाऊक होते आणि विकत घेणाऱ्याला ठाऊक नव्हते, त्याबद्दल गप्प राहून तिकिटे विकत राहणे योग्य नव्हे. बर्फवाट यांनी आपल्या लिफ्टविषयी हाच प्रश्न विचारावा: कंपनीला कधी कळले? उत्तर डिसेंबर असेल तर सोडून द्यावे.

दक्षिणवारा

ऑकलंडहून लिहितो आहे. आपल्याकडे सगळी चर्चा हंगामी पासची चालली आहे. आमच्याकडे आयुष्यभराच्या पासचे काय झाले ते सांगतो.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रुआपेहू या ज्वालामुखीच्या उतारांवर व्हाकापापा आणि तुरोआ ही दोन स्की क्षेत्रे आहेत. ती चालवणारी रुआपेहू अल्पाइन लिफ्ट्स ही १९५३ मध्ये स्थापन झालेली, नफा न वाटणारी कंपनी होती आणि लोकांना तिच्याबद्दल संस्थेसारखी माया होती. तिने विकलेले आजीवन पास सुमारे १४,००० जणांकडे होते. करोनाचे निर्बंध, २०२२ चा अतिशय वाईट हंगाम आणि आधीचे कर्ज यांमुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनी प्रशासकांच्या हाती गेली आणि पुढच्या वर्षी ती वाचवण्याचा प्रयत्न धनकोंच्या मतदानात फसला. आजीवन पासधारक त्या हिशेबात विनातारण धनको ठरले, म्हणजे बँका आणि सरकार यांच्या मागे रांगेत शेवटी. दोन्ही क्षेत्रे नंतर वेगवेगळ्या नव्या चालकांकडे गेली आणि जुन्या कंपनीने आयुष्यभरासाठी दिलेले वचन त्यांच्यावर बंधनकारक राहिले नाही. डोंगर आणि लिफ्ट तिथेच आहेत. खुर्च्याही त्याच आहेत. पास मात्र प्लास्टिकचा तुकडा झाला.

माझ्या एका स्नेह्यांनी मुलगा झाला त्या वर्षी त्याच्यासाठी असा पास घेतला होता. येथील ग्राहक कायदा चांगला आहे, पण समोर कंपनीच उरली नाही तर हक्क बजावायचा कोणाविरुद्ध? म्हणून कोणताही पास घेताना मी आता फक्त दोन गोष्टी पाहतो: मी पैसे किती आधी देतो आहे, आणि त्या बदल्यात माझ्या हाती कोणाचे वचन आहे.

गोदाकाठ

नाशिकमध्ये ग्राहक आयोगासमोर काम करतो, म्हणून थोडेच लिहितो. भारतात २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "अनुचित करार" अशी स्वतंत्र व्याख्या आहे. पुरेशा कारणाविना एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट तीत स्पष्टपणे येते, आणि अशी अट रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगाला आहे. जिल्हा आयोगाला तो नाही. गुलमर्ग किंवा औलीला जाणाऱ्यांना हे उपयोगी पडावे. कोलोरॅडोतील खरेदीला अर्थातच हा कायदा लागू नाही. प्रश्न एवढाच विचारायचा होता की लवादाचे कलम असताना तिकडे ग्राहक न्यायालयात जाऊच शकत नाही काय? आमच्याकडे लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे.

कलमदान

गोदाकाठ, येथे परिस्थिती जवळपास उलटी आहे. १९२५ च्या संघीय लवाद कायद्याचा आधार घेऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एटी अँड टी मोबिलिटीच्या प्रकरणात असे ठरवले की सामूहिक दाव्याला बंदी घालणारी लवादाची कलमे राज्यांना आपल्या कायद्याने सरसकट रद्द करता येणार नाहीत. मूळ वाद होता "मोफत" म्हणून दिलेल्या फोनवर आकारलेल्या ३०.२२ डॉलर कराचा. तीस डॉलरसाठी एकटा माणूस लवादाकडे कशाला जाईल? नेमक्या याच कारणासाठी सामूहिक दावे असतात आणि नेमक्या याच कारणासाठी कंपन्या ते करारातून काढून टाकतात. व्हेलविरुद्धचे करोनाचे दावे अपील न्यायालयापर्यंत पोहोचले, पण प्रत्येक पासच्या करारात तेवढी वाट मोकळी असेलच असे धरून चालू नये.

पण एक लहान दार बहुधा उघडे असते. लवादाच्या अनेक कलमांतच स्मॉल क्लेम्स कोर्टाचा (लहान रकमांच्या वादांसाठीच्या न्यायालयाचा) अपवाद लिहिलेला असतो. कोलोरॅडोत तेथील मर्यादा ७,५०० डॉलर आहे, अर्ज साधा असतो आणि दोन्ही बाजूंनी वकील सहसा नसतात. कंपनीला आपला अधिकारी किंवा कर्मचारी पाठवावा लागतो. सातशे डॉलरच्या वादासाठी डोंगरावरून माणूस पाठवण्यापेक्षा पैसे देऊन प्रकरण मिटवणे कंपनीला पुष्कळदा स्वस्त पडते. सासऱ्यांना सांगा की ही पायरी फार उंच नाही.

चेअरलिफ्ट यांच्या "कधी कळले" या प्रश्नाशी मी सहमत आहे, पण त्यांच्या एका वाक्याशी नाही. बिघडलेली लिफ्ट बंद ठेवणे योग्यच आहे. ती बंद असण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा त्याहून निराळा प्रश्न आहे. सुरक्षिततेचे कारण पुढे केले की पैशांची चर्चा असभ्य ठरते, ही कंपन्यांना फार सोयीची सवय आहे.

बर्फवाट

सर्वांचे आभार. काय केले ते नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

विम्याचा अर्ज डॉक्टरांच्या पत्रासह पाठवला. पत्र दोनदा बदलून घ्यावे लागले, कारण पहिल्यात "विश्रांतीचा सल्ला" एवढेच होते. काल मंजुरीची ईमेल आली. वापरलेले पाच दिवस वजा करून पत्नीच्या पासची बहुतांश रक्कम परत मिळेल.

जुन्या ईमेल चाळताना ऑगस्टच्या शेवटी आलेली एक जाहिरात सापडली. तिच्यात "नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत" असे शब्द आहेत आणि पार्श्वभूमीला नेमक्या त्याच लिफ्टचे छायाचित्र आहे. मात्र लिफ्टविषयी विचारणा केली असता बिघाड १९ डिसेंबरच्या तपासणीत लक्षात आल्याचे लेखी उत्तर आले आणि सुटा भाग मागवल्याची तारीखही त्यात होती. कलमदान आणि चेअरलिफ्ट दोघांनीही सांगितलेल्या कसोटीवर माझा दावा इथे संपतो, म्हणून तो सोडून दिला. सासरे खूश आहेत.

पुढच्या हंगामाच्या पासची विक्री सुरू झाली आहे. या वेळी पैसे भरण्याआधी विक्रीचे पान, अटी-शर्ती आणि वेव्हर यांच्या प्रती तारखेसह वेगळ्या ठेवल्या. वेव्हर संपूर्ण वाचायला ४० मिनिटे लागली. तेवढ्यात धाकटा विचारून गेला की पास आला का.

रॉकीजवासी

अभिनंदन. विमा या वर्षीही घ्या, आणि घेतल्याचे लक्षातही ठेवा.